हुनर-शाळेची इमारत : आधी ऊन अडवा, मग यंत्र घ्या

शिलाई, वायरिंग, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, फ्रिज-एसी दुरुस्ती असे हुनर शिकवणारी केंद्रे काढावीत, असा विचार आता गावोगावच्या जमातींत आणि ट्रस्टांत बोलला जातो. ही समाधानाची गोष्ट आहे. बारामती-इंदापूर भागात तर याची गरज उघडच आहे. बारामतीच्या एमआयडीसीत कारखाने आहेत, टेक्स्टाईल पार्क आहे, दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आणि दूध धंदा आहे. हुनर असलेल्या हाताला येथे काम मिळते.

परंतु केंद्र काढायचे ठरले की आपली सारी चर्चा जागा, देणगी आणि मशीन यांवरच होते. इमारत कशी बांधायची हे ठेकेदारावर सोडून दिले जाते. त्याचा परिणाम काय होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या भागातील एका शिलाई वर्गाला मी सरावासाठी कटपीस कापड देत असे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब, पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या. फेब्रुवारीत दुपारच्या बॅचला सगळ्या मशीन भरलेल्या असत. एप्रिलमध्ये निम्म्या रिकाम्या झाल्या आणि मे महिन्यात दुपारची बॅच बंद करावी लागली. कमिटीत चर्चा झाली की मुलींना गोडी नाही, घरचे पाठवत नाहीत. मी एक दिवस दुपारी ३ वाजता त्या वर्गात बसलो. अर्ध्या तासात सदरा ओला झाला आणि डोके दुखू लागले. मुलींना गोडी होती. वर्गात बसवत नव्हते, एवढेच.

पुढच्या बैठकीत एसी बसवण्याचा ठराव आला. तेव्हा बैठकीला बोलावलेले एक वयस्क गवंडी चाचा एवढेच म्हणाले, "शेठ, चूल तुमच्या डोक्यावर पेटलीय. ती विझवायची सोडून तुम्ही पंखा वाढवताय." हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा खुलासा आहे.

उष्णता येते कोठून?

बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहेत. त्यामुळे १२ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो. त्यालाच आता शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैत ढग असतात. मे महिन्यात आभाळ कोरडे असते. म्हणून उन्हाळ्यात येथे इमारतीला सर्वांत जास्त ऊन छपरावरच लागते. त्यानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा, कारण दुपारनंतरचे ऊन तिच्यावर सरळ पडते.

हिशेब करून पाहू. भर दुपारी निरभ्र आभाळातून एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट उष्णता पडते. २० बाय ३० फुटांचा वर्ग म्हणजे ६०० चौरस फूट, साधारण ५६ चौरस मीटर. म्हणजे छपरावर हजार वॅटच्या ५६ इस्त्र्या एकाच वेळी तापत ठेवल्यासारखे झाले. ही सगळी उष्णता आत येत नाही. काही परत फेकली जाते, काही वारा घेऊन जातो. उरलेली स्लॅब पितो आणि संध्याकाळ उलटून गेली तरी आत सोडत राहतो. याच्या तुलनेत माणसांची उष्णता किती? बसून काम करणारा माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. ३० विद्यार्थी म्हणजे तीनच इस्त्र्या. वर्ग माणसांनी तापत नाही, छपराने तापतो.

छपराचा इलाज

कापडाच्या धंद्यातले आपण सगळे जाणतो की उन्हात काळा सदरा तापतो आणि पांढरा कमी तापतो. स्लॅबचेही तसेच आहे. सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे दरवर्षी फेब्रुवारीअखेर गच्ची स्वच्छ धुऊन तिच्यावर कळीच्या चुन्याचे दोन-तीन हात देणे. चुना धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा पांढरे सिमेंट मिसळतात. ताजा पांढरा थर पडणाऱ्या उन्हाचा बराच मोठा भाग परत पाठवतो. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्यात घेतले. तेथे जे चालते ते येथेही चालेल.

नवी इमारत असेल तर याहून टिकाऊ उपाय करावा. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या फुटक्या लाद्यांचे चायना मोझॅक करावे. कोबा आपण गळती थांबवण्यासाठी घालतोच. तोच उष्णताही अडवतो. तिसरा उपाय म्हणजे छपरावर दुसरे छप्पर. स्लॅबपासून तीन-चार फूट उंच लोखंडी सांगाडा करून त्यावर सौर पॅनेल बसवले तर वीजही मिळते आणि स्लॅबवर सावलीही पडते. दोन्हींच्या मधून वारा मोकळा वाहिला पाहिजे, ही अट मात्र पाळावी. पैसे नसतील तर शेडनेटसुद्धा चालते. इंदापूरचा डाळिंबवाला शेतकरी फळाला चट्टा पडू नये म्हणून बागेवर आच्छादन घालतो. फळाची आपण एवढी काळजी घेतो. मग विद्यार्थ्याच्या डोक्यावर सावली का नको?

आपल्या वाडवडिलांना हे माहीत होते. या भागातील जुनी माळवदी घरे आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारी बाहेर फुफाटा आणि आत गारवा. वर हवेसाठी साणे असायचे, त्यातून गरम हवा निघून जाई. आज माळवद कोणी बांधणार नाही, बांधावे असेही मी म्हणत नाही. पण जाड छप्पर आणि वर हवेला वाट, हा त्यातला इल्म घेण्यासारखा आहे.

दिशा आणि छज्जा

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे वर्गांच्या खिडक्या दक्षिणेला आणि उत्तरेला येतात. पश्चिमेला जिना, भांडार, स्वच्छतागृह अशा खोल्या घ्याव्यात. त्या वर्गासाठी ढालीचे काम करतात. तेथे खिडकी हवीच असेल तर लहान ठेवून बाहेरून चटई किंवा जाळी लावावी. एक गोष्ट लक्षात ठेवावी : पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेले असते. अडवायचे तर ते बाहेरच अडवावे.

दक्षिणेच्या खिडकीवर योग्य छज्जा असेल तर उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही साधतात. ४ फूट उंच खिडकीवर लगेच २ फुटांचा छज्जा घेतला, तर मार्चअखेरीस दुपारचे ऊन खिडकीला लागत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला खाली असतो, तेव्हा खिडकीच्या खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन आत येते आणि वर्ग उबदार होतो. आपल्याकडे गरम करण्याची गरज डिसेंबर-जानेवारीच्या सकाळपुरतीच असते. ते काम हा छज्जा फुकटात करतो, हीटरला खर्च करायला नको.

वारा : येण्याची वाट आणि जाण्याची वाट

एकाच भिंतीला चार खिडक्या असल्या तरी वारा आत शिरत नाही. त्याला समोरून बाहेर जायला वाट लागते. म्हणून समोरासमोर दोन्ही भिंतींना खिडक्या हव्यात, आणि हवा बाहेर जाण्याची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा लहान नसावी. मशीनवर बसलेल्या मुलीच्या अंगावरून वारा गेला पाहिजे, म्हणून खिडकीची खालची कड तिच्या खांद्याच्या वर नसावी. गरम हवा वर चढते, तिच्यासाठी छताजवळ झरोके ठेवावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येचा असतो. इमारत किंचित तिरपी ठेवली तर तो दक्षिणेच्या खिडक्यांत सापडतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तिला एक पैसाही लागत नाही. आपला भाग कोरडा आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांजवळ जातो, पण पहाटे चांगला खाली येतो. आपण काय करतो? संध्याकाळी सगळ्या खिडक्या लावून कुलूप घालतो आणि दिवसभराची गरमी आत कोंडून ठेवतो. सकाळी १० वाजता बाहेरची हवा तापू लागली की खिडक्या उघडतो. हे अगदी उलटे आहे. रात्री खिडक्या उघड्या राहिल्या तर थंड हवा भिंती आणि फरशी गार करते. सकाळी ऊन चढले की खिडक्या बऱ्याचशा लावाव्यात, श्वासापुरती हवा झरोक्यातून घ्यावी आणि पंखा चालवावा. त्यासाठी बांधतानाच खिडक्यांना मजबूत गज आणि मच्छरदाणीची जाळी बसवावी, म्हणजे चोराची किंवा डासांची भीती राहत नाही.

पुणे जिल्ह्यातील एक शाळा

हे सगळे पुस्तकी नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातील लवळे येथे अवसरा अकॅडमी ही मुलींची निवासी शाळा आहे. तिचा आराखडा मुंबईच्या केस डिझाईन या संस्थेने केला आणि हवामानाचा हिशेब ट्रान्ससोलर या जर्मन कंपनीच्या इंजिनिअरांनी केला. तेथे इमारतीखाली जमिनीत हवेचे बोगदे आहेत. बाहेरची हवा त्या मातीतल्या वाटेने येताना गार होते आणि वर्गात शिरते. वर छपरावर सौर धुराडी आहेत. उन्हाने ती तापली की आतली हवा हलकी होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. म्हणजे ज्या उन्हाचा त्रास, त्याच उन्हाकडून पंख्याचे काम करून घेतले.

लवळ्याला पाऊस आणि दमटपणा बारामतीपेक्षा जास्त आहे. शाळेचे बजेटही आपल्या छोट्या ट्रस्टपेक्षा मोठे असणार. तेव्हा जशीच्या तशी नक्कल करू नये. पण गार हवा खालून घ्यावी आणि गरम हवा वरून सोडावी, हा नियम ५ खोल्यांच्या केंद्रालाही लागू पडतो. जिन्याची खोली गच्चीच्या वर सहा-सात फूट उंच नेऊन तिला चारी बाजूंनी जाळीच्या खिडक्या ठेवल्या, तर तोच जिना धुराड्याचे काम करतो.

गरिबीतही हे साधते याचा दाखला बाहेर पाहावा. आफ्रिकेतील बुर्किना फासो या मुस्लिमबहुल देशात गांदो नावाचे खेडे आहे. तेथील फ्रान्सिस केरे यांनी आर्किटेक्चर शिकत असतानाच आपल्या गावासाठी शाळा बांधली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली. मातीच्या विटांचे छत, आणि त्यावर अंतर ठेवून उचललेले पत्र्याचे दुसरे छप्पर. दोन्हींच्या मधून गरम हवा निघून जाते. बांधकाम गावकऱ्यांनीच केले. या शाळेला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मध्ये प्रिट्झकर हा आर्किटेक्टांचा सर्वांत मोठा सन्मान मिळाला. बांगलादेशातील रुद्रपूर येथे तर २००८ मध्ये खास इलेक्ट्रिशियन घडवणारी शाळा माती आणि बांबूची बांधली गेली. तिची विजेची गरज सौर पॅनेलवर भागेल अशी व्यवस्था केली आहे. आपली मुले वायरिंग शिकतील तेव्हा त्यांनाही अशीच इमारत समोर असावी.

मग यंत्र कोणते?

ऊन अडवले, वाऱ्याला वाट दिली, त्यानंतर यंत्राची पाळी. पहिला पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. एका वर्गात ६ पंखे, रोज ६ तास, वर्षाला २२० दिवस धरले तर जुन्या पंख्यांना सुमारे ५९४ युनिट लागतील, नव्यांना सुमारे २३८. एका वर्गामागे ३५६ युनिट वाचले. ८ वर्गांचे झाले सुमारे २,८५० युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर वर्षाला २८,५०० रुपये. ४८ पंख्यांवर प्रत्येकी १,५०० रुपये जादा पडले असे समजले, म्हणजे ७२,००० रुपये, तरी अडीच वर्षांत रक्कम वसूल. पुढची सगळी बचत. कोणताही व्यापारी हा सौदा सोडणार नाही.

दुसरा कूलर. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला चालतो, कारण कोरडी हवा पाणी पिते आणि गार होते. पण पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, आणि मोठा कूलर दिवसभरात १०० लिटर पाणी सहज पितो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेथे ८ कूलर लावण्याआधी विचार करावा. शिवाय कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

एसी शेवटी, आणि गरज असेल तेथेच. दीड टनाचा एसी कंप्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास वीज घेतो. ३० जणांच्या वर्गाला दोन तरी लागतील, म्हणजे ६ तासांत १८ युनिटपर्यंत. तेवढ्याच वेळात ६ बीएलडीसी पंखे एक युनिटहून थोडेच जास्त घेतात. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी हवाच असेल तर ती खोली खालच्या मजल्यावर, उत्तर-पूर्व बाजूला आणि लहान ठेवावी. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावून येतात. पंखा चालू ठेवून २६ वर ठेवला तरी चालते. प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते.

वेल्डिंगची कार्यशाळा मात्र वेगळी हवी. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पूर्वेकडे, उंच छपराची. छपरावर कारखान्यांच्या शेडवर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवावेत, त्यांना वीज लागत नाही. तरीही वेल्डिंगचा धूर मुलाच्या नाकाशी येण्याआधी टेबलाजवळूनच ओढून घेणारा एक्झॉस्ट हवा. येथे पैसे वाचवू नयेत. हा फुप्फुसांचा प्रश्न आहे. शिलाई वर्गातील इस्त्र्याही एका बाजूला, खिडकीजवळ, वर एक्झॉस्ट लावून ठेवाव्यात.

यातला रोजगार

केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत इमारत संहितेच्या कक्षेत १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारती येतात. छोट्या केंद्राला ती सक्तीची नाही. पण बाजार त्या दिशेने चालला आहे, हे कारागीर बांधवांनी ओळखावे. गच्ची पांढरी करणे, चायना मोझॅक, जाळीच्या भिंती, पॅनेलचा सांगाडा, बीएलडीसी पंख्याची दुरुस्ती, बाहेरून लावायच्या चटया आणि कापडी छत्र्या ही सगळी आपल्या गवंड्यांची, फॅब्रिकेटरांची, वायरमनची आणि शिंप्यांची कामे आहेत. आपल्या जिल्ह्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. मुले प्रत्यक्ष काम करूनच शिकतात, हे त्यांचे सूत्र. आपल्या केंद्रातील मुलांनीही पांढऱ्या आणि उघड्या स्लॅबखाली थर्मामीटर लावून फरक मोजावा. जो फरक त्यांनी स्वतः मोजला, तो ते उद्या गिऱ्हाइकाला पटवून देतील.

सही करण्याआधी विचारा

कमिटीच्या सदरसाहेबांनी नकाशावर सही करण्याआधी ठेकेदाराला पाच प्रश्न विचारावेत.

१. छपरावर ऊन अडवणारा थर कोणता आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का?

२. पश्चिमेला वर्ग आहे का? असल्यास का?

३. प्रत्येक वर्गात वारा कोठून येणार आणि कोठून जाणार?

४. रात्री खिडक्या सुरक्षितपणे उघड्या ठेवता येतील का?

५. वर्षाचे वीजबिल किती येईल आणि ते कोण भरणार?

नकाशावर भिंत फिरवायला एक रेघ पुरते. बांधल्यावर ती फिरवता येत नाही. आणि वुजूचे पाणी वाया न घालवता पश्चिमेला लावलेल्या कडुनिंबाला सोडावे. काही वर्षांत ते झाड भिंतीवर सावली धरील.

त्या शिलाई वर्गाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. एसीचा ठराव मागे पडला. गच्चीला चुना दिला, पश्चिमेच्या काचांवर बाहेरून चटया लागल्या आणि इस्त्र्या खिडकीजवळ गेल्या. वर्ग काही थंडगार झाला नाही, पण बसण्याजोगा झाला. पुढच्या एप्रिलमध्ये दुपारची बॅच चालू राहिली.

लोकांनी दिलेला पैसा कमिटीच्या हाती अमानत असतो. तो विजेच्या बिलात जाऊ देणे हा इस्राफ आहे, आणि गरमीमुळे एखाद्या मुलीचे हुनर अर्धवट राहणे हे तर त्याहून मोठे नुकसान. अल्लाह आपल्याला समजून खर्च करण्याची तौफीक देवो. आमीन.